एका खोलीसाठी अख्ख्या वाड्याची किल्ली?

ऑफिसातलं जुनं सॉफ्टवेअर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केल्याशिवाय उघडत नाही, हे दुखणं आजचं नाही मंडळी. विंडोज ९५, ९८ मध्ये कुठलाही प्रोग्राम कुठंही लिहायचा, अडवणारं कुणी नव्हतं. २००१ च्या एक्सपीनं घरच्या संगणकावर वेगळी खाती आणली, पण बहुतेक घरांत सगळेच ॲडमिन! प्रोग्राम लिहिणाऱ्यांनाही तीच सवय लागली. नोंदी थेट 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये. २००७ मध्ये व्हिस्टा घरोघरी आली, तिनं दारावर पहारा बसवला आणि जुने प्रोग्राम अडले. मग अनेकांनी काय केलं? पहाराच बंद! व्हायरसला रान मोकळं. त्यापेक्षा प्रोग्राम नोंदी ठेवतो, तेवढ्याच फोल्डरात लिहायची परवानगी द्या. बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. ॲडमिनचा पासवर्ड सगळ्या ऑफिसला कशाला वाटायचा?