लवचिक दगडाची गोष्ट: गाडीच्या रंगासाठी क्ले बार आला कुठून?

(हे या भागाचं लेखी रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल, जिममध्ये असाल नाहीतर ऑफिसच्या कॅबमध्ये, आज तुम्हाला एक छोटा प्रयोग सांगतो. घरची कार नीट धुवा, कोरडी करा. मग हातात एक पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बॉनेटवरून तळहात हलकेच फिरवा. गाडी डोळ्यांना चकाचक दिसत असेल, पण पिशवीतून हाताला बारीक रवा लागल्यासारखं खरखरीत लागेल. पाण्यानं, शॅम्पूनं हा रवा जात नाही, कारण तो रंगावर नुसता बसलेला नसतो, चिकटलेला किंवा रुतलेला असतो.

हा रवा काढायला जे वापरतात त्याला क्ले बार म्हणतात. साबणाच्या वडीएवढा मऊ गोळा, ऑनलाइन सहज मिळतो. गाडी धुण्याच्या रील्समध्ये तुम्ही तो पाहिलाही असेल. आज आपण बघणार आहोत की ही वस्तू आली कुठून, आणि मुळात तिची गरज का पडली. कारण गाड्या शंभर वर्षांहून जुन्या आणि हा गोळा मात्र कालपरवाचा. असं का?

आधी रंगाची गोष्ट

सुरुवातीच्या मोटारी म्हणजे घोडा काढलेल्या बग्ग्याच होत्या, आणि रंगही बग्गीचाच. ब्रशनं व्हार्निशचे थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा पुढचा थर. एका गाडीचा रंग पूर्ण व्हायला आठवडे लागायचे. विचार करा, कारखान्यात गाडी जोडून तयार आहे आणि रंग वाळायची वाट बघत गोदामात पडून आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर अख्ख्या पाइपलाइनचा बॉटलनेक म्हणजे रंग! फोर्डनं १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात विकली, त्यामागेही स्वस्त, टिकाऊ आणि एकाच प्रकारचा रंग ठेवायचा हा हिशोब होता.

ही अडचण सोडवली एका स्फोटकाच्या चुलतभावानं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीनं नायट्रोसेल्युलोजपासून प्रचंड प्रमाणात दारूगोळ्याची पावडर बनवली होती. युद्ध संपलं, पण रसायन आणि ते हाताळायचं ज्ञान उरलं. त्याच कुळातल्या रसायनापासून तयार झाला ड्यूको नावाचा लॅकर. ड्यूपाँटचा तेव्हा जनरल मोटर्समध्ये मोठा हिस्सा होता, त्यामुळे पहिला मान जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीला मिळाला. १९२३ मध्ये आलेल्या, १९२४ च्या मॉडेलवर निळा ड्यूको होता. फवाऱ्यानं मारायचा आणि काही तासांत वाळायचा. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि गाड्या एकदम रंगीत झाल्या.

पण ड्यूकोला एक खोड होती. वाळला की तो मंद दिसायचा. चमक हवी तर घासूनच काढावी लागायची. उन्हात राहिला की वरचा थर खडूसारखा पांढरट व्हायचा, मग पुन्हा घासायचं. घासलं की मेलेला थर निघायचा आणि खालचा ताजा रंग वर यायचा. पॉलिशच्या फडक्याला गाडीचा रंग लागायचा. लाल गाडी तर फडकं लाल. यातूनच पॉलिश आणि वॅक्सचा धंदा फोफावला. सिमोनाइझ हे एका पॉलिशचं नाव तर इतकं रुळलं, की इंग्रजीत गाडी घासून चमकवण्याचं ते क्रियापदच झालं.

आपल्याकडे ज्यांच्या घरी पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर होती, त्यांनी गॅरेजमधला एक शब्द नक्की ऐकलेला असतो: "रबिंग". दिवाळीच्या आधी गाडी रबिंग-पॉलिशला द्यायची. या सगळ्याच्या मुळाशी एक साधी समजूत होती, की रंग जाड आहे, खालपर्यंत तोच आहे, घासा बिनधास्त. अशा काळात क्ले बारची गरजच काय? रंगावर रुतलेला कण रंगाच्या थरासकट निघून जायचा.

मग आला काचेसारखा थर

लोकांना आता चंदेरी, मेटॅलिक रंग हवे होते. अशा रंगात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. त्या उघड्या राहिल्या तर हवापाण्यानं काळवंडतात, आणि घासायला गेलं तर थेट त्यांनाच धक्का लागतो. म्हणून त्यांच्यावर पारदर्शक थर द्यायची पद्धत आली. खाली रंगाचा बेस कोट, वर क्लिअर कोट. १९८० च्या दशकात ही पद्धत झपाट्यानं पसरली आणि आज जवळपास प्रत्येक नवी कार अशीच रंगवलेली असते.

आता जरा आकडे बघू. पत्र्यापासून वरपर्यंत कंपनीचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतो. म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाएवढा, नाहीतर त्याहून थोडा जाड. त्यातला क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉन, तुमच्या डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. आणि सगळी जबाबदारी त्याच्यावर! चमक तोच देतो, सूर्याचे अतिनील किरण अडवणारी रसायनंही त्याच्यातच असतात. तो संपला की खालचा रंग उघडा पडतो आणि छपरावर पापुद्रे सुटू लागतात. रस्त्यावर अशा गाड्या तुम्ही रोज बघता.

म्हणजे नियमच बदलला. पूर्वी घासणं म्हणजे रंग ताजा करणं होतं, आता घासणं म्हणजे साठ्यातून खर्च करणं. आणि या खर्चाला अन्डू नाही. क्लिअर कोट परत उगवत नाही.

रुतणारे कण मात्र कमी झाले नाहीत. रेल्वेची चाकं, रूळ आणि ब्रेक झिजून लोखंडाचे सूक्ष्म कण उडतात. मोटारींच्या ब्रेकमधूनही उडतात. ते रंगावर बसतात, गंजतात आणि तांबूस ठिपके पडतात. रेल्वेनं नेलेल्या नव्याकोऱ्या गाड्यांवर हे ठिपके इतके नेहमीचे, की या प्रकाराला नावच पडलं रेल डस्ट. त्यात झाडाचा चीक, डांबराचे थेंब आणि शेजारी कुणी गेट रंगवत असेल तर त्याचा उडालेला फवारा.

तर प्रश्न असा: वरचा कण काढायचा, पण खालचा केसाहून पातळ थर शक्य तितका वाचवायचा. कसं?

जपानी उत्तर

उत्तर जपानमधून आलं. तादाओ कोदाते या जपानी संशोधकाला त्यासाठी १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, पुढे १९९८ मध्ये आणखी एक. आता गंमत ऐका. त्या पेटंटच्या नावात क्ले, म्हणजे माती हा शब्दच नाही. नाव आहे "प्लास्टिक फ्लेक्सिबल ग्राइंडिंग स्टोन". इथं प्लास्टिक म्हणजे बादलीचं प्लास्टिक नव्हे, हवा तसा आकार घेणारं. म्हणजे मराठीत, आकार घेणारा लवचिक घासायचा दगड!

आपल्याला क्ले म्हटलं की शाडू आठवतो, पेणच्या गणपतीच्या मूर्ती आठवतात. शाडूत पाणी असतं, ते उडालं की माती कडक होते. हा गोळा तसा वाळत नाही, कारण तो मातीचा नाहीच. पॉलिब्युटीनसारखा चिकट, लवचिक पदार्थ आणि त्यात मळलेली अतिशय बारीक घासणारी पूड, असा त्याचा साधा घाट. कणकेत बारीक रेती मळल्यासारखा.

मग दगड असून तो रंग का खरवडत नाही? कारण मध्ये पाणी असतं. आधी रंगावर गुळगुळीत करणारा द्रव फवारायचा आणि गोळा त्या द्रवाच्या पातळ थरावरून सरकवायचा. सपाट भागावर तो जवळपास तरंगतो. द्रवाच्या थरातून जे वर डोकावतं, म्हणजे कण, तेवढंच त्याच्या तावडीत सापडतं. ते सुटतं आणि गोळ्यात अडकतं. सॅंडपेपर सगळ्यांना सारखा घासतो, हा गोळा मात्र डोकं वर काढणाऱ्यालाच पकडतो. द्रव कमी पडला किंवा हात जोरात दाबला, की हा फरक संपतो आणि बारीक ओरखडे उठतात.

अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसच्या ऑटो वॅक्स कंपनीनं हा प्रकार क्ले मॅजिक नावानं विकला. पेटंटच्या हक्कांवरून तिथं कोर्टकचेऱ्याही झाल्या. एवढ्याशा गोळ्यासाठी वकील उभे राहिले! अशा पेटंटची मुदत साधारण २० वर्षांची असते. ती आता उलटून गेली आहे, म्हणूनच आज डझनावारी ब्रँडचे क्ले बार दिसतात.

डोंबिवलीचं छप्पर

हे सगळं मी वाचायला लागलो ते बाबांच्या गाडीमुळे. चंदेरी हॅचबॅक, बरीच वर्षं डोंबिवलीत रुळांपासून हाकेच्या अंतरावर उघड्यावर उभी. छपरावर तांबूस ठिपके, हात लावला तर किसणीच. एका गॅरेजवाल्यानं छप्पर आणि बॉनेट नव्यानं रंगवायचे १८ हजार सांगितले आणि बाबा जवळपास तयार झाले होते. मला पटत नव्हतं. कारखान्यात रंग उघड्या बॉडीवर मारून मोठ्या भट्टीत भाजतात. जोडलेल्या, वायरिंग आणि सीट असलेल्या गाडीला तेवढ्या तापमानाला नेताच येत नाही. एकदा कंपनीचा रंग गेला की तो गेलाच.

एक रविवार घातला. आधी गाडी धुतली, मग लोखंड विरघळवणारा फवारा मारला. लोखंड भेटलं की तो जांभळा होतो. छपरावरून जांभळे ओघळ उतरताना बाबा खुर्ची टाकून बघत बसले. मग क्ले. दीड-दोन फुटांचा तुकडा घ्यायचा, भरपूर द्रव, हलका हात, सरळ रेषेत मागेपुढे. गोळा तपकिरी झाला की घडी घालून स्वच्छ बाजू वर. संध्याकाळी बाबांनी छपरावरून हात फिरवला आणि म्हणाले, "राहू दे, रंगवायला नको." पक्ष्यांच्या विष्ठेचे दोन डाग बॉनेटवर तसेच राहिले. ते क्लिअर कोटमध्ये खोल गेले होते, आणि क्ले खड्डे भरत नाही.

मग आपण काय करायचं?

आज अनेक डिटेलिंग पॅकेजमध्ये क्ले दर महिन्याच्या धुलाईसोबत येतो. "यानं रंगाला काहीच होत नाही, मातीच तर आहे," असं सांगितलं जातं. इथं इतिहास कामाला येतो. ज्यानं तो बनवला, त्यानंच त्याला दगड म्हटलंय. कमी घासणारा, हुशारीनं घासणारा, पण दगडच. त्यामुळे तारीख बघून क्ले करू नका, पिशवीचा प्रयोग करून करा. खरखर लागली तर आणि जिथं लागली तिथंच. गुळगुळीत असेल तर हात आवरा. गोळा जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, कारण त्यात आता रस्त्यावरची रेती आहे. आणि काम झालं की वॅक्स किंवा सीलंट लावा, कारण आधीचा संरक्षक थर क्लेसोबत निघून गेलेला असतो.

शंभर वर्षांत गाडी चमकवणं म्हणजे काय, याचा अर्थच उलटा झाला. आधी जो जास्त काढेल तो कारागीर होता, आता जो कमी काढेल तो. क्ले बार त्या बदलाच्या मधोमध जन्मला.

तुमच्या घरी रबिंगच्या काळातली जुनी गाडी असेल, तर तिचा रंग कसा टिकवलात ते मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. पुढच्या भागात बोलू वायपरबद्दल. तोपर्यंत गाडी सावलीत लावा, आणि ऐकत राहा!