सूर्यानें उतरलेले नकाशे

शहापूर-मुरबाडकडील भातखाचरांचे बांध पावसाच्या स्वाधीन असतात. श्रावणांत ओढा फुगतो, बांध वाहून जातो, आणि पाणी ओसरल्यावर शेणव्यासारख्या गांवीं दोघां शेजाऱ्यांत प्रश्न उभा राहतो कीं, बांध पूर्वीं होता कोठें? अशा वेळीं वृद्धांच्या आठवणीपेक्षां गांवनकाशावर अधिक भरंवसा ठेवण्यांत येतो. मोजणीदार प्रत पसरतो, माप धरतो आणि वाद मिटतो. निदान मिटावा अशी अपेक्षा असते. परंतु ती प्रत मुळाबरहुकूम आहे, ह्याचा जामीन कोण? पुष्कळ काळ हा जामीन सूर्य होता, आणि त्याला कॅमेऱ्याचीही गरज नव्हती.

मुंबई इलाख्यांत गोल्डस्मिड व विंगेट ह्यांनीं १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जमिनीची पद्धतशीर मोजणी सुरू केली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि साखळीभर लांब-रुंद जमिनीचा एक गुंठा, हें कोष्टक खेड्यांतील निरक्षर माणसासही पाठ झालें. नकाशा हातानें काढीत आणि त्याची नक्कलही हातानेंच करीत. येथेंच घोटाळ्यास जागा होती. एका इंचास वीस साखळ्या, म्हणजे ६६० फूट, असें प्रमाण धरलें, तर नक्कल करणाऱ्याचा हात इंचाच्या पन्नासाव्या भागानें ढळतांच शेतांत तेरा फुटांचा फरक पडतो. तेरा फूट म्हणजे गरिबाचें अर्धें खाचर!

ह्यावरील उपाय इंग्लंडांत जॉन हर्शेल ह्या ज्योतिर्विदानें १८४२ सालीं शोधून काढला, तो मात्र जमिनीसाठीं नव्हे. लोह-अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ह्या दोन क्षारांचें पाणी अंधारांत कागदास लावून तो वाळविला, वर एखादें पान ठेवून कांचेनें दाबला आणि उन्हांत धरला, कीं उघड्या भागावरील लोहाचें रूप पालटतें. नंतर साध्या पाण्यानें धुतला म्हणजे निळ्या भूमीवर पानाची पांढरी आकृति उभी राहते. दुसऱ्याच वर्षीं ॲना ॲटकिन्स ह्या विदुषीनें समुद्रशैवालांचीं अशीं निळीं चित्रें पुस्तकरूपानें काढण्यास आरंभ केला. भिंगही नाहीं आणि पेटीही नाहीं. वस्तूनें आपली सावली आपणच कागदावर ठेवावयाची.

मुंबईनें ही विद्या तत्परतेनें उचलली. १८५४ सालीं तेथें छायाचित्रकारांची संस्था निघाली व डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळांत होते. १८५५ सालीं एल्फिन्स्टन विद्यालयांत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. परंतु तेथील ओढा कॅमेऱ्याकडे होता. माणसांचे चेहरे आणि प्राचीन लेणीं ह्यांपुढें निळ्या कागदाकडे लक्ष देण्यास फुरसत कोणास असणार? तो कागद पुढें इंजिनियरांच्या कचेऱ्यांत गेला. पारदर्शक कापडावर काळ्या शाईनें काढलेला आराखडा त्यावर ठेवून ऊन दाखविलें, कीं शाईच्या रेघांखालीं पांढऱ्या रेघा उमटत. त्यांत माणसाचा हात ढळण्याचा प्रश्नच नव्हता.

तथापि सूर्य चुकला नाहीं तरी कागद चुकतो. धुतलेला कागद वाळतांना आंखडतो, आणि त्याबरोबर शेतेंही आंखडतात. म्हणून नकाशाच्या कामीं जस्ताचा पत्रा पुढें आला. पुण्याच्या सरकारी फोटोझिंको छापखान्यांत मूळ नकाशाचें मोठ्या कॅमेऱ्यानें छायाचित्र घेऊन तें जस्तावर उतरवीत व त्यावरून प्रती छापीत. मग विसाव्या शतकाच्या आरंभीं भारतीय सर्वेक्षण खात्यांतील व्हॅनडाइक नांवाच्या गृहस्थांनीं कॅमेऱ्यासही रजा दिली. पत्र्यावर माशाचा सरस आणि बायक्रोमेट ह्यांचा लेप द्यावयाचा आणि मूळ नकाशाच त्यावर दाबून प्रकाशांत धरावयाचा. उजेड लागलेला सरस कठीण होतो. रेघांखालचा मऊ राहतो व पाण्यानें निघून जातो. त्या मोकळ्या रेघांत शाई भरावयाची आणि कठीण लेप सौम्य अम्लानें काढून टाकावयाचा, कीं पत्रा छपाईस सिद्ध! मूळ जेवढें, प्रत तेवढीच. युक्ति साधी, पण खर्च वांचला, आणि भिंगामुळें येणारा बांकही टळला.

हें शिकावयास शहरच पाहिजे असें नाहीं. हर्शेलनेंच १८४२ सालीं फुलांच्या रसानें रंगविलेल्या कागदावर उन्हानें चित्रें उमटविलीं होतीं, आणि शेणव्याच्या स्वयंपाकघरांत त्याहून सोपी वस्तु आहे. हळद मद्यार्कांत भिजवून ती कागदास लावावी, वर पळसाचें किंवा नेच्याचें पान कांचेखालीं दाबून तो कागद कडक उन्हांत ठेवावा. भोंवतालचा पिवळा रंग उडतो आणि पान पिवळें उरतें. टांकणखाराच्या पाण्यांत बुडविलें तर तेंच तांबूस होतें. पुढें हें चित्र उन्हांतच राहिलें तर मात्र पुसलें जातें, कारण हळदीचा रंग कायम करण्याची सोय नाहीं. मुलांच्या हौसेस तें पुरेसें आहे, बांधाच्या वादास नाहीं.

निळ्या प्रतींची जागा विसाव्या शतकांतच अमोनियाच्या प्रतींनीं घेतली आणि नंतर संगणकानें. जुन्या निळ्या प्रती ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्यांस धुण्याच्या सोड्याचा स्पर्श होऊं देऊं नये. क्षारानें निळाई नाहींशी होते. केवळ उजेडानें फिकी पडलेली प्रत मात्र अंधाऱ्या, हवेशीर कपाटांत कांहीं दिवस ठेवली, तर तिची निळाई बरीचशी परत येते.