परळचा सल्ला: ठाणे-कल्याण पट्ट्यातील एका प्रथेचा इतिहास

आई किंवा वडिलांना कर्करोग असल्याचे कळल्यावर परळ गाठण्याची ठाणे, डोंबिवली आणि कल्याण येथील कुटुंबांची प्रथा रेल्वेच्या आधाराने रुजली. मात्र १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला रेल्वे पोहोचल्यानंतर या आजाराचे स्वतंत्र रुग्णालय मुंबईत उभे राहण्यास आणखी जवळजवळ नऊ दशके लागली. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या, तेव्हा त्यांना परदेशात मिळालेले उपचार येथेही मिळावेत असे त्यांचे पती सर दोराबजी यांना वाटले. पुढच्याच वर्षी तेही गेले, तरी त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीने तो विचार तडीस नेला आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे आले.

दूरच्या रुग्णाला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा शोधावा लागे, तर कल्याणचा रुग्ण, अंगात त्राण असेल तर, संध्याकाळी लोकलने घरी परतू शके. सोबत फाईल असे, आणि स्थानिक डॉक्टरने बायॉप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, केली असल्यास काचेच्या स्लाइड्स आणि तो तुकडा मेणात बसवलेला ब्लॉकही न्यावा लागे; कारण गाठ नेमक्या कोणत्या प्रकारची आहे हे परळचे तज्ज्ञ स्वतः पाहून ठरवत आणि उपचारांची सारी दिशा त्यावरच अवलंबून असे.

आरंभीच्या काळात निवड मुख्यतः शस्त्रक्रिया आणि किरणोपचार, म्हणजे किरणांनी गाठीतील पेशी नष्ट करणे, यांतच होती. औषधांनी पेशी मारणारे रसायनोपचार, ज्यांना घरोघरी ‘केमो’ म्हणतात, पुढे रूढ झाले, तेव्हा सल्ल्याचे स्वरूपच पालटले: सत्तरीच्या आईचे हृदय ते सोसेल काय, आणि आजार बरा होण्याची आशा आहे की केवळ त्रास कमी करायचा आहे, असे प्रश्न पुढे आले आणि शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ व औषधोपचारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून निर्णय घेण्याची पद्धत रुळली. अशा वेळी आईला बाहेरच्या बाकावर बसवून मुलानेच आत जाऊन बोलण्याची रीत अनेक घरांत मायेपोटी पडली असली, तरी ती समर्थनीय नाही. जिच्या शरीरावर उपचार व्हायचे, तिचे मत त्या खोलीत प्रथम विचारले गेले पाहिजे.