सुरक्षित बंदर, पण कुणासाठी?

पश्चिम आफ्रिकेत टोगो नावाचा चिंचोळा देश आहे. राजधानी लोमेहून पूर्वेला साधारण तासाभरात अग्बोद्राफो लागतं. एका अंगाला अटलांटिक महासागर, दुसऱ्या अंगाला टोगो सरोवर आणि मधल्या वाळूच्या पट्टीवर हे छोटंसं गाव. जुनं पोर्तुगीज नाव पोर्तो सेगुरो, म्हणजे 'सुरक्षित बंदर'. गंमत बघा, तिथं बंदरच नव्हतं! जहाजं लाटांच्या पलीकडं नांगर टाकायची आणि माल-माणसं होड्यांतून जायची.

१८०७ साली ब्रिटिश संसदेनं गुलामांचा व्यापार बंद केला. पुढच्या वर्षापासून त्यांच्या युद्धनौका या किनाऱ्यावर गस्त घालू लागल्या. मोठी ठाणी सगळ्यांच्या डोळ्यावर होती, मग चोरट्या धंद्याला अशी आडबाजूची गावं सोयीची झाली.

तिथं 'वूड होम' नावाचं घर आजही उभं आहे. वूड नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याचं, १८३५च्या सुमाराचं. बाहेरून बघाल तर साधं बैठं घर. पण जमिनीखाली तळघर आहे, एवढं बुटकं की मोठ्या माणसाला ताठ उभं राहता येत नाही. जहाज येईपर्यंत माणसं त्यात कोंडलेली असायची आणि वर मालकाचा संसार चाललेला. गावाजवळ एक विहीर दाखवतात. जहाजावर चढवण्याआधी कैद्यांना शेवटची आंघोळ तिथं घालायचे, असं लोक सांगतात.

आता गिऱ्हाईक कोण, तर प्रामुख्यानं ब्राझील आणि क्युबा. ब्राझीलनं १८३१ला बंदीचा कायदा केला होता बरं का! तो इतका पाळला गेला की 'इंग्रजांना दाखवण्यापुरतं' असा वाक्प्रचारच तिथं रुजला. खरी अंमलबजावणी १८५० नंतरची. इंग्रजही काही धुतल्या तांदळाचे नव्हते. १८३३च्या गुलामगिरीबंदीतून त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, म्हणजे आपल्यालाच वगळलं होतं. आपल्याकडं कायदा आला १८४३ला.

वूड होम २००२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारशांच्या यादीत आहे. यादीत असणं वेगळं, घर टिकणं वेगळं. १९६०च्या दशकात लोमेला खरंखुरं बंदर झालं, त्याच्या भिंतीनं किनाऱ्यानं वाहणारी वाळू अडवली आणि पूर्वेकडचा किनारा खचायला लागला. अग्बोद्राफोच्या बाजूची कितीतरी घरं समुद्रानं गिळलीत.