लेकुरवाळीची सहल : शेतापासून समुद्रापर्यंत

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. लातूरहून तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूरमार्गे रत्नागिरी गाठायला पावणेपाचशे ते पाचशे किलोमीटर जावे लागते आणि नांदेड त्याच्याही बरेच मागे. तरीही लहान मुलांना घेऊन दोन-तीन दिवस समुद्रावर जाऊन येणे ही गेल्या काही दशकांत इथल्या नोकरदार कुटुंबांची नेहमीची गोष्ट झाली आहे. पदरी तान्हे मूल असलेल्या सुनेने घराबाहेर केव्हा पडायचे, कोणाबरोबर आणि कशासाठी, याचे या भागात पक्के संकेत होते. समुद्राची सहल त्या संकेतांतूनच वाढत आली. त्या दिवशी चूल कोण पेटवते, या एका प्रश्नावरून तिचा इतिहास बराचसा उलगडतो.

जुन्या घरात लेकुरवाळीच्या प्रवासाचे पहिले कारण माहेर हे होते. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. सव्वा महिना खोलीत, मग पुढचे काही महिने आईच्या देखरेखीखाली, आणि सासरहून मूळ आले की परतायचे. बैलगाडीत कडबा, त्यावर गोधडी, वर उन्हासाठी तट्ट्या, सोबत भाऊ किंवा दीर, आणि फडक्यात बांधलेले डिंकाचे लाडू असा तो प्रवास. त्यानंतर पंचमी आणि दिवाळी. मुराळी न्यायला आला नाही तर ते वर्ष कोरडेच जायचे. मजेसाठी म्हणून बाहेर पडणे या चौकटीत बसत नव्हते, पण मजा काही चौकट विचारून येत नाही. माहेरच्या चार दिवसांत झोके, फुगड्या आणि उशिरापर्यंतची झोप हे सगळे व्हायचे. माहेरी चूल आईकडे असायची, हे त्याचे मुख्य कारण.

दुसरे कारण देव. मुलाचे जावळ कुलदैवतापाशी काढायचे असते. लातूरकडची बहुतेक घरे त्यासाठी तुळजापूरला जात, नांदेडकडची अनेक माहूरच्या रेणुकेला किंवा माळेगावच्या खंडोबाला. नवस बोललेला असेल तर तो फेडायला आईला जावेच लागते, त्यामुळे या प्रवासाला घरात कोणी आडकाठी करत नसे. लोहा तालुक्यातली माळेगावची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. घोडे, उंट, गाढवे आणि लालकंधारी गाई-बैलांचा बाजार, तमाशाचे फड, रहाटपाळणे, बांगड्यांच्या पाली असा तिचा पसारा असतो. खंडोबाचे दर्शन अर्ध्या तासात उरकते. बाकीचा दिवस कुठे जातो हे सांगायला नको.

तिसरे आणि या प्रदेशाचे खास कारण म्हणजे वेळ अमावस्या, बोलीत येळवस. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागांत मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळे कुटुंब शेतात जाते. लातूर शहरातली दुकाने बंद होतात, रस्ते ओस पडतात आणि जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुट्टी देतात. ज्यांना शेत नाही त्यांना शेजारी किंवा मित्र आग्रहाने नेतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप करून आत पाच पांडव म्हणून दगड मांडतात, त्यांची पूजा करतात आणि आंबील शिवारात शिंपडतात. मग पंगत बसते. संध्याकाळी पेटता टेंभा घेऊन पिकाभोवती फिरण्याची रीतही अनेक ठिकाणी आहे.

या दिवसाची खरी कथा मात्र आदल्या रात्रीची आहे. ज्वारीचे पीठ ताकात कालवून आंबील आंबवायला ठेवायचे, त्याला लसूण-मिरची लावायची. बाजरीचे उंडे वळायचे, धपाटे थापायचे. भज्जीसाठी तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे सोलायचे, हरभऱ्याची भाजी निवडायची, मिळतील त्या भाज्या चिरायच्या आणि हे सगळे बेसन लावून ताकात शिजवायचे. आंबिलाचे मडके घरधन्याच्या डोक्यावरून वाजतगाजत निघते, पण ते भरून ठेवायला सून रात्री दोन-तीनपर्यंत जागलेली असते. पाळण्यातले मूल मध्ये रडले तर हात धुऊन आधी ते. वनभोजन म्हणून येळवशीची तोंडभरून स्तुती होते आणि ती योग्यही आहे. आंब्याच्या झाडाला साडीची झोळी बांधून मूल झोपवायचे आणि थंडीतल्या उन्हात दिवसभर शिवारात बसायचे, हे सुख मोठेच. फक्त ते सुख जिच्या कष्टावर उभे राहते ती दुपारी जेवायला शेवटी बसते.

नदीकाठ हा नांदेडचा वेगळा ठेवा. गोदावरीचे घाट, अमावस्या-पौर्णिमेची स्नाने, नदीची ओटी भरणे हे बायकांचे हक्काचे बाहेर पडणे होते. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये इथेच निवर्तले आणि महाराजा रणजितसिंगांच्या साह्याने १८३२ ते १८३७ या काळात सचखंडाची इमारत उभी राहिली. त्यामुळे दूरदूरच्या यात्रेकरूंची कुटुंबे नांदेडने कायम पाहिली आहेत. २००८ च्या गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने घाटांची कामे झाली आणि नगीना घाटासारखी ठिकाणे संध्याकाळी मुलांना फिरवण्याची झाली.

समुद्र मात्र राजकीय नकाशातच दूर होता. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मोठे शहर म्हणजे हैदराबाद, आणि मोठे पाणी म्हणजे तिथला हुसेनसागर, जो नावाने सागर असला तरी सोळाव्या शतकात बांधलेला तलाव आहे. १९०० च्या सुमारास हैदराबाद-मनमाड मीटरगेज रेल्वे नांदेडवरून गेली. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे पोचली. अडीच फूट रुंदीचे रूळ, छोटे डबे आणि बेताचा वेग असलेली ही गाडी कुर्डूवाडीला मोठ्या लोहमार्गाला मिळत असे. पंढरपूर याच मार्गावर असल्याने लातूरकडच्या कितीतरी मुलांनी आयुष्यातली पहिली मोकळी वाळू चंद्रभागेच्या वाळवंटात तुडवली. १९२७ मध्ये हा मार्ग मिरजेपर्यंत गेला. पुढे रूळ रुंद झाले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये याच दिशेने मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर प्रवास करून पाण्याची रेल्वे तहानलेल्या लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. ज्या शहरात पहाटे नळाकडे कान लावून झोपायची आणि टँकरच्या रांगेत घागरी लावायची सवय आईला असते, तिथल्या मुलाला अथांग पाण्याचे वेड लागले तर नवल नाही.

निजाम सरकारच्या रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी रस्त्यावरची प्रवासी वाहतूक सुरू केली, पण या गाड्यांचे तोंडही साहजिकच हैदराबादकडे होते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि प्रथमच त्याची राजधानी समुद्राकाठी गेली. कामे आता मुंबईत निघू लागली. बदलीचा अर्ज, अनुदानाची फाईल किंवा मोठ्या दवाखान्यातली तपासणी यासाठी जायचे, आमदार निवासात सतरंजीवर पथारी टाकायची आणि काम झाले की गेटवे आणि चौपाटी बघून रात्रीची गाडी धरायची, असा क्रम ठरून गेला. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री या दोन जिल्ह्यांनी दिले, त्यामुळे मुंबईला जायचे निमित्त कधी कमी पडले नाही. पण त्या गाडीत बायको क्वचितच असे. नांदेडहून निघाल्यावर मनमाडला मीटरगेजची गाडी सोडून सामानासकट दुसऱ्या फलाटावर पळायचे. कडेवर मूल असताना हा उद्योग कोण करणार? १९९० च्या दशकात हा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि देवगिरी, तपोवन या गाड्यांनी मुंबई सलग आवाक्यात आली. लातूरला ब्रॉडगेज यायला पुढच्या दशकाची अखेर उजाडली. नांदेडहून लातूरमार्गे पनवेलला जाणाऱ्या गाडीने अलिबागचा रस्ता तर फारच जवळ आणला.

समुद्रावरची कौटुंबिक सहल सुरू झाली तीही देवाच्या आडोशाने. गणपतीपुळे आणि हरिहरेश्वर ही नावे यादीत पहिली आली, कारण तिथे देव आणि वाळू एकाच जागी आहेत. सासूबाईंना सांगताना गणपतीचे नाव पुढे, समुद्राचे मागे. गणपतीपुळ्याला डोंगरच गणपती मानून त्याला सुमारे एक किलोमीटरची प्रदक्षिणा घालतात आणि वाटेचा बराच भाग समुद्राच्या कडेने जातो, तेव्हा दोन्ही हेतू एकाच फेरीत साधतात. नदीची ओटी भरणाऱ्या घरातल्या बायका समुद्रालाही हळदकुंकू वाहतात, खण-नारळ देतात आणि बाटलीत पाणी भरून घेतात. मग कडेवरच्या मुलाची पावले पहिल्या लाटेत बुडवतात. मूल किंचाळते, आजी हसते, आणि साड्या गुडघ्यापर्यंत भिजल्यावर कोणालाच परत फिरावेसे वाटत नाही. त्यानंतर उंटाची आणि घोडागाडीची फेरी होते. उंट माळेगावच्या बाजारात पाहिलेला असतो, पण त्याच्यावर बसायचे धाडस होते ते समुद्रावर.

शिदोरीचे प्रकरण यापेक्षा मजेचे. भात आणि माशांचे जेवण सोसेल की नाही या शंकेने कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, धपाटे आणि दशम्या डब्यात भरल्या जातात. नारळीच्या सावलीत सोलकढीच्या पेल्याशेजारी ज्वारीची भाकरी मोडणारे कुटुंब दिसले की ते घाटावरचे हे ओळखायला वेळ लागत नाही. शिदोरी पहिल्या दिवशी संपते आणि दुसऱ्या दिवशी खानावळीत पान मांडले जाते. येळवशीपेक्षा ही सहल वेगळी ठरते ती इथेच. आईला वाढलेले ताट मिळते आणि भांडी दुसरे कोणी घासते. मूल मात्र कडेवरच असते, कारण ते काम भाड्याने देता येत नाही.

नदीकाठच्या माणसाला समुद्राची एक गोष्ट शिकून घ्यावी लागते, ती म्हणजे भरती-ओहोटी. गोदावरीचा पूर येतो तेव्हा आला हे दिसते आणि तो एकाच दिशेने वाहतो. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो आणि वेळ रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणात यासाठी साधा हिशेब आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, अमावस्येला दुपारी बाराच्या आधी-नंतर, आणि तेव्हाच उधाण. म्हणजे येळवशीच्या दिवशी लातूरच्या शिवारात पंगत बसते त्या सुमाराला कोकणात पाणी ऐन चढणीला असते. ओहोटीत अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत किंवा घोडागाडीने जाता येते. परतायला उशीर झाला तर तीच वाट पाण्याखाली जाते. गणपतीपुळ्याचे पाणी आत ओढणारे म्हणून कुख्यात आहे आणि तिथे बुडालेल्यांमध्ये घाटावरून आलेले पोहणारे गडी पुष्कळ. विहिरीत सूर मारता येणे हे समुद्रात फारसे उपयोगाचे नसते, आणि मुलांना घोट्याच्या वर पाण्यात जाऊ न देणाऱ्या आयांना भित्र्या म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

सहलीला शनिवार-रविवारचे रूप आले ते पुण्यामुळे. शिक्षणाच्या लातूर पॅटर्नमधून बाहेर पडलेली आणि नांदेडच्या महाविद्यालयांतून शिकलेली मुले-मुली नोकरीसाठी पुण्याला गेली, तिथेच त्यांचे संसार मांडले गेले. पुण्याहून दिवेआगर, काशीद, मुरूड या जागा काही तासांवर. नात किंवा नातू सांभाळायला गावाहून आलेली आजी अशाच एखाद्या शनिवारी, साठीच्या पुढे, पहिल्यांदा समुद्र पाहते. गावात राहिलेल्या नोकरदारांनाही २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्यावर शनिवार मोकळा मिळाला. तरी लातूर-नांदेडहून थेट निघणाऱ्यांचे दोन दिवस जाण्या-येण्यातच खर्ची पडतात, म्हणून जोडून आलेली सुट्टी, दिवाळी किंवा मे महिना बघितला जातो. नागपूरहून नांदेड, लातूर, सोलापूरमार्गे रत्नागिरीला जाणारा रस्ता रुंद झाल्याने भाड्याची गाडी करून रात्री निघायचे आणि उजाडता कोकणात उतरायचे, हे जमू लागले आहे.

एसटीने जाणाऱ्यांचा हिशेब १७ मार्च २०२३ पासून बदलला. त्या दिवसापासून बायकांना राज्यभर अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याच्या आदल्या वर्षीपासून प्रवास मोफत, आणि पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट आधीपासूनच नाही. आजी, आई आणि तान्हे मूल यांच्यासह निघालेल्या कुटुंबात पूर्ण तिकीट काढावे लागते ते फक्त बापाचे.