भुकेची रेषा

भारत आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना यांच्या संबंधांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुधा टनांच्या भाषेत लिहिले जाते. दूधभुकटी किती आली, बियाणे किती, तज्ज्ञ किती. हा हिशेब खोटा नाही. १९७० साली सुरू झालेल्या दुग्धक्रांतीच्या पहिल्या टप्प्याला जागतिक अन्न कार्यक्रमाकडून १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन लोणीतेल मिळाले, ते विकून उभ्या राहिलेल्या पैशावर डॉ. वर्गीस कुरियन यांनी सहकारी दूधसंघांचे जाळे विणले, हे सर्वज्ञात आहे. परंतु या दीर्घ सहकार्याचा गाभा आम्हांला अन्यत्र दिसतो. ‘भुकेला’ हा शब्द कोणाला लावायचा आणि कोणाला नाही, हे ठरवणारी एक रेषा या सहकार्यातून घडत गेली. साहित्याच्या अध्यापकांनी या वादात का पडावे, असे कोणी विचारील. एखाद्या शब्दाची व्याप्ती कोण ठरवतो हा प्रश्न आमच्याही विषयाचा आहे, इतकेच आमचे उत्तर.

संघटनेची मुळे १९४३ सालच्या हॉट स्प्रिंग्ज परिषदेत आहेत. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या या निवांत विश्रामस्थळी मे-जूनमध्ये ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधी युद्धोत्तर जगाच्या अन्नाची चिंता करण्यासाठी जमले. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते सर गिरिजाशंकर बाजपेयी. त्याच महिन्यांत बंगालमध्ये तांदळाचे भाव सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेले होते आणि माणसे खेड्यांतून कलकत्त्याच्या रस्त्यांकडे निघाली होती. जगाला ‘अभावापासून मुक्ती’ देण्याचा ठराव आणि बंगालचा दुष्काळ ही एकाच उन्हाळ्यातली दोन दृश्ये आहेत. पुढे १६ ऑक्टोबर १९४५ रोजी क्वेबेक येथे संघटना स्थापन झाली, तेव्हा अद्याप परतंत्र असलेला हिंदुस्थान तिच्या संस्थापक सदस्यांत होता.

बंगालचे बळी किती? दुष्काळ चौकशी आयोगाने १५ लाख हा आकडा दिला. आयोगाचे एक सदस्य डॉ. डब्ल्यू. आर. ऍक्रॉइड हे कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. १९४६ साली नव्या संघटनेच्या पोषण विभागाचे ते पहिले संचालक झाले. त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी, १९७४ साली, त्यांनी लिहून ठेवले की तो आकडा बसवण्यात आपला हात होता आणि तो कमीच धरला गेला. अमर्त्य सेन यांनी पुढे मांडलेला अंदाज ३० लाखांच्या घरात जातो. संघटनेच्या जन्मकाळापासून भुकेचा इतिहास हा असा मोजणीच्या चुकांचाही इतिहास आहे. रस्त्यावर मेलेला माणूस मोजणेही जिथे अवघड होते, तिथे अर्धपोटी जगणारा मोजणे किती अवघड असेल!

बंगालच्या त्या दिवसांत मदतकार्याची जबाबदारी सांभाळणारे एक सनदी अधिकारी, बिनय रंजन सेन, १९५६ साली संघटनेचे महासंचालक झाले. या पदावर आलेले ते पहिले आशियाई. १९६७ पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत, विशेषतः १९६० साली सुरू झालेल्या ‘भूकमुक्ती मोहिमे’मुळे, आकडेवारी गोळा करणारी ही संस्था जगाच्या सद्सद्विवेकाला हाक मारू लागली. पण हाक मारायची तर ‘किती लोक भुकेले आहेत?’ याचे उत्तर हवे. पहिले महासंचालक जॉन बॉइड ऑर यांनी जगातील दोन तृतीयांश माणसे भुकेली असल्याचे म्हटले होते. ऑक्सफर्डचे अर्थशास्त्रज्ञ कॉलिन क्लार्क यांनी अशा विधानांची यथेच्छ खिल्ली उडवली होती. या पेचातून वाट काढण्याचे काम संघटनेच्या रोममधील कार्यालयात बसलेल्या एका मराठी माणसाकडे आले.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, बुध या गावी झाला. खटाव-माणचा दुष्काळ माहीत असलेल्या वाचकाला या गावाविषयी वेगळे सांगायला नको. फर्ग्युसन महाविद्यालयातून ते लंडनला गेले, संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळवून परतले, आणि १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक-कापणीच्या नमुना-पाहणीची पद्धत त्यांनी उभी केली. त्या काळी प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा झालेला वाद वरकरणी अगदी क्षुल्लक वाटेल. कापणीसाठी शेतात आखायचा तुकडा केवढा असावा? तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो, असे सुखात्मे यांनी दाखवले. कारण कडेवरचे ताट आत धरायचे की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. १९५१ साली ते संघटनेत दाखल झाले आणि १९७० पर्यंत तिच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा त्यांच्याकडे राहिली.

१९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी वाचलेला निबंध हा आमच्या मते या साऱ्या सहकार्यातला सर्वांत दूरगामी दस्तऐवज. त्यांनी प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या: पोटाला पुरेसे न मिळणे आणि योग्य तऱ्हेचे न मिळणे. पहिल्या प्रकारात जगातील १० ते १५ टक्के लोक येतात, दोन्ही मिळून निम्म्यापर्यंत, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याहून महत्त्वाची होती त्यांची पद्धत. निरोगी माणसांचीही गरज सारखी नसते. म्हणून सरासरी गरजेची रेषा धरून तिच्याखालचा प्रत्येक जण भुकेला मानणे चूक आहे. रेषा सरासरीच्या खाली, गरजेतील स्वाभाविक फरकाला वाव देऊन आखली पाहिजे. अल्पपोषणाचा जो आकडा संघटना आजही दरवर्षी जाहीर करते, त्याच्या मुळाशी हाच विचार आहे.

‘प्रथिनांच्या दरी’चा गवगवा १९६० च्या दशकात शिगेला पोचला, तेव्हाही सुखात्मे प्रवाहाविरुद्ध उभे राहिले. भाकरी आणि डाळ पोटभर मिळाली तर प्रथिने बहुधा आपोआप पुरतात. उणीव आहे ती अन्नाचीच, असे त्यांचे म्हणणे होते. महागड्या प्रथिन-पुडींपेक्षा हे निदान कितीतरी अधिक शहाणपणाचे होते, आणि काळाने ते बऱ्याच अंशी खरे ठरवले.

निवृत्तीनंतर ते पुण्यात आले, आणि खरी ठिणगी पडली ती इथे. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी ‘भारतातील दारिद्र्य’ या अभ्यासात माणशी रोज २२५० उष्मांकांचा निकष धरून ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक दरिद्री असल्याचे मांडले होते. सुखात्मे यांनी १९७८ पासून आपला जुना मुद्दा पुढे नेला. अमेरिकन संशोधक शेल्डन मार्गेन यांच्यासह त्यांनी असे प्रतिपादले की माणसामाणसांतच नव्हे, एकाच माणसाच्या गरजेतही चढउतार असतो. शरीर काही मर्यादेपर्यंत कमी अन्नाशी स्वतःच जुळवून घेते. हे मान्य केले की रेषा आणखी खाली उतरते आणि भुकेल्यांची संख्या झपाट्याने आटते. दांडेकरांनी १९८१ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तून यावर कठोर टीका केली. कमी खाणारा कमी खातो तो शरीराच्या लहरीमुळे की खिशात पैसे नाहीत म्हणून, हा त्यांचा रोख होता. १९८२ साली सुखात्मे यांनीच पुण्यात संपादित केलेल्या ग्रंथात डेव्हिड सेकलर यांनी ‘लहान पण निरोगी’ ही कल्पना मांडली. खुरटलेली मुले ही रोगी नव्हेत, परिस्थितीला जुळलेली होत! सुखात्मे यांच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. पण रेषा खाली ओढणाऱ्या प्रत्येक सरकारला हा युक्तिवाद आयता मिळाला, हेही विसरता येत नाही. या वेळी कडेवरचे ताट बाहेर ढकलले जात होते.

याच वर्षांत मराठीत काय घडत होते? १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले, १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’. एकीकडे पुण्यातील विद्वान शरीर किती कमी अन्नावर जुळवून घेऊ शकते याची चर्चा करीत होते; दुसरीकडे ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी ते जुळवून घेतले होते ते त्याची किंमत प्रथमच स्वतःच्या भाषेत सांगत होते. आमच्या माहितीत तरी या दोन लेखनांनी परस्परांची दखल घेतली नाही. आम्हीही वर्गात ‘उपरा’ शिकवताना सुखात्मे-दांडेकर वादाचे नाव कधी काढले नव्हते, ही कबुली दिली पाहिजे.

२०२१ साली जागतिक भूक निर्देशांकात भारताला ११६ देशांत १०१ वे स्थान मिळाले. केंद्र सरकारने संघटनेची पद्धत अशास्त्रीय असल्याचा आक्षेप घेतला. हा अंदाज दूरध्वनीवरून विचारलेल्या चार प्रश्नांवर बेतला आहे, असे महिला व बालविकास मंत्रालयाचे म्हणणे होते. निर्देशांकाच्या प्रकाशकांनी खुलासा केला की त्यांनी तो मतचाचणीचा आकडा वापरलेलाच नाही. वापरला तो अन्नाच्या ताळेबंदावरून काढलेला अल्पपोषणाचा आकडा. म्हणजे ज्या मापावर राग होता, त्याचा आराखडा बुधच्या माणसाने घालून दिला होता, आणि तोही रेषा सढळपणे खाली ठेवूनच. या मापाला खाद्य लागते ते घरोघरच्या खर्च-पाहण्यांचे. २०११–१२ नंतरची २०१७–१८ ची पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही. पुढची २०२२–२३ ची २०२४ साली आली. तोवर रोममधील संख्याशास्त्रज्ञ भारतातल्या ताटांचा अंदाज दशकभर जुन्या आकड्यांवरून बांधत होते. नवी पाहणी हाती आल्यावर २०२५ च्या अहवालात भारतातील अल्पपोषितांचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवर आले. माणसांत मोजायचे तर १७ कोटींच्या आसपास.