मशीनमध्ये फुंक मारली नाही तर केस टळते का? कायदा काय सांगतो

लोणावळा : पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशी धरणाकडे गर्दी वाढली की नाकाबंदी आलीच. त्यात पर्यटकांबरोबर गावातले टेम्पोवाले, रिक्षावालेही अडवले जातात. "फुंकच मारली नाही तर पुरावा कुठला?" हा सल्ला पारावर सर्रास मिळतो. तो अर्धवट आहे आणि महागात पडतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघालं तर पहिल्या वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद, १० हजार दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा २ वर्षांपर्यंत कैद, १५ हजार दंड किंवा दोन्ही. जागेवर पावती फाडून हे मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं.

फुंक मारायला नकार दिला म्हणून १८५ सारखं वेगळं शिक्षेचं कलम नाही, हे खरं. पण दारूचा सबळ संशय असेल तर गणवेशातला पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतो (कलम २०३). ठाण्यात पुन्हा फुंक मारायची संधी द्यावी लागते. तिथेही नाही म्हटलं तर डॉक्टरकडे रक्त द्यायला सांगता येतं. महिलेचं रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल तर ते दुसऱ्या एखाद्या महिलेच्या समोरच घ्यायचं, मग ती डॉक्टर असो वा नसो.

मग येतं कलम २०५. नकाराला वाजवी कारण दाखवता आलं नाही तर कोर्ट तो नकार चालकाच्या विरोधात धरू शकतं. महाराष्ट्रातल्याच एका अपघाताच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७१ साली सांगितलं होतं, की तोंडाचा वास, गेलेला तोल एवढ्यावरून दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही. चालकाच्या वकिलाला हा निकाल कामाचा. पण नकार दिला की याच कच्च्या पुराव्याला वजन येतं.

दमा असेल, तोंडाला जखम असेल तर तिथेच तसं सांगून रक्त तपासणी मागावी, दवाखान्याचे कागद जपावेत. नंतर कोर्टात आठवलेला दमा सहसा कोणी मानत नाही.

अटकेची वेळ नक्की लक्षात ठेवावी. कलम २०२ प्रमाणे २ तासांत तपासणी झाली नाही तर कोठडीतून सोडावं लागतं. सोडलं म्हणजे केस संपली, असं मात्र नाही. नमुना कधी घेतला, सील कोणी केलं, हेही वकिलाने तपासावं. मे २०२४ च्या पुण्यातल्या पोर्शे अपघातात रक्तनमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली होती.

गुन्हा जामीनपात्र आहे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी वडगाव मावळ कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.